वात्रट वर्ग आणि हट्टी मास्तर: जुन्या जपानी शाळा-मालिका पहिल्यांदाच पाहणार असाल तर

एक मुलगी आपल्या शिकाऊ मास्तरला सांगते, घरी पैसा नव्हता तेव्हा आम्ही एकमेकांच्या जवळ होतो; पैसा आला, मोठं घर आलं आणि घरातलं बोलणंच संपलं. मास्तर तिला उपदेश करत नाही. भला मोठा हातोडा घेऊन तो तिच्या घरी जातो आणि आतली भिंत फोडून टाकतो.

‘ग्रेट टीचर ओनिझुका’ ऊर्फ ‘जीटीओ’ या मालिकेच्या पहिल्याच भागातला हा प्रसंग. मी नववी-दहावीच्या मुलांना शिकवतो. वर्गात डोक्यावर बसणारं पोर घरून काय घेऊन आलंय, हा प्रश्न हा भाग पाहिल्यापासून मला जास्त वेळा पडतो. म्हणून या जुन्या मालिका नव्या प्रेक्षकांनी नीट पाहाव्यात असं मनापासून वाटतं. ‘नीट’ म्हणतो, कारण चुकीच्या जागेवरून सुरुवात केली तर दोन भागांत माणूस कंटाळतो, नाहीतर चिडून बंद करतो. दोन्ही प्रकार मी जवळच्या लोकांत पाहिलेत.

पायरी 1: कुठून सुरुवात करायची ते ठरवा

बिघडलेला वर्ग आणि त्याला वळणावर आणणारा विचित्र मास्तर या विषयावर जपानमध्ये खूप काही झालंय. नव्या माणसाने दोनच मालिका धराव्यात.

पहिली ‘जीटीओ’. तोओरू फुजिसावा यांची ही मांगा (जपानी चित्रकथा) ‘वीकली शोनेन मॅगझिन’मध्ये 1997 ते 2002 या काळात आली आणि तिचे 25 खंड झाले. 1998 मध्ये तिला कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला. तिच्यावरची अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका स्टुडिओ पिएरोने केली. 1999 च्या जूनपासून 2000 च्या सप्टेंबरपर्यंत फुजी टीव्हीवर तिचे 43 भाग दाखवले गेले.

दुसरी ‘गोकुसेन’. कोझुएको मोरिमोतो यांच्या मांगावर मॅडहाउस स्टुडिओने केलेली 13 भागांची मालिका, 2004 च्या जानेवारी ते मार्चमधली.

वेळ कमी असेल तर आधी ‘गोकुसेन’ घ्या, पाच तासांत संपते. तरी माझा आग्रह ‘जीटीओ’चाच. सगळी मिळून साधारण साडेसोळा तासांची आहे. रोज दोन भाग पाहिले तर तीन आठवडे पुरेल. एका बैठकीत दहा-दहा भाग संपवू नका. प्रत्येक मुलाची गोष्ट दोन-तीन भागांत चालते आणि ती डोक्यात थोडी मुरायला वेळ द्यावा लागतो.

‘जीटीओ’ला लोक सरसकट ‘हायस्कूलची मालिका’ म्हणतात (जपानमध्ये हायस्कूल म्हणजे नववीनंतरची तीन वर्षं), पण अ‍ॅनिमेतला आणि मांगातला ओनिझुकाचा वर्ग माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षाचा आहे. मुलं 14-15 वर्षांची, म्हणजे आपली नववी. 1998 मध्ये याच कथेवर जी टीव्ही मालिका झाली, ताकाशी सोरिमाची या नटाने ओनिझुका केलेली, तिच्यात शाळा बदलून हायस्कूल केली गेली. ती जपानमध्ये प्रचंड चालली आणि गोंधळ तिथून सुरू झाला. ‘गोकुसेन’मधली शाळा मात्र खरोखरच हायस्कूल आहे, फक्त मुलांची.

पायरी 2: जपानी शाळेच्या चार गोष्टी आधी माहीत करून घ्या

या ठाऊक नसतील तर निम्मे प्रसंग हातातून निसटतात.

वर्गशिक्षकाला तिथे ‘तान्निन’ म्हणतात आणि त्याचं काम हजेरी घेण्यापुरतं नसतं. मूल पोलिसांनी पकडलं, घरातून पळालं, दुकानात चोरी करताना सापडलं, तर पहिला फोन बऱ्याचदा वर्गशिक्षकाला जातो. ओनिझुका रात्री-अपरात्री मुलांमागे गावभर धावतो ते बघून आपल्याला वाटतं की हे अती झालं. जपानी प्रेक्षकाला त्यातली धावपळ ओळखीची वाटते. त्याला वेगळी वाटते ती मास्तरची पद्धत.

दुसरी गोष्ट शाळेतून काढून टाकण्याची. जपानमध्ये सक्तीचं शिक्षण शाळेच्या नवव्या वर्षापर्यंत, म्हणजे नववीपर्यंत आहे. तोपर्यंत सरकारी शाळा मुलाला काढून टाकू शकत नाही, खासगी शाळा काढू शकते. हायस्कूल सक्तीचं नाही, म्हणून तिथे सरकारी काय आणि खासगी काय, दोन्हीकडे ही टांगती तलवार असते. ‘जीटीओ’तली शाळा खासगी आहे. उपमुख्याध्यापक मुलांना ‘दाखला हातात देईन’ अशा थाटात धमकावतात, ती धमकी खरी होऊ शकणारी आहे.

तिसरी गोष्ट केसांची. जपानी शाळांचे नियम बारीकसारीक गोष्टींपर्यंत जातात: केसांचा रंग, लांबी, गणवेशाची घडणसुद्धा. म्हणून पिवळे केलेले केस, लांबवलेला कोट, ढगळ पँट असं काही दिसलं की तो ‘यांकी’, म्हणजे वाया गेलेला पोरगा, हे प्रेक्षकाला न सांगता कळतं. ओनिझुकाचे केस पिवळे आहेत. वर्गात पाऊल टाकण्याआधीच तो मास्तर कमी आणि यांकी जास्त दिसतो.

चौथी गोष्ट त्या काळाची. 1970 च्या दशकाच्या शेवटी आणि 1980 च्या दशकात जपानच्या माध्यमिक शाळांमध्ये उघड हिंसा वाढली होती. काचा फोडणं, शिक्षकांवर हात उचलणं. शाळांनी नियम आणखी आवळले. उघड दंगा कमी झाला, पण त्याची जागा दुसऱ्या दुखण्यांनी घेतली: ‘इजिमे’, म्हणजे एका मुलाला गाठून सगळ्यांनी मिळून छळणं, आणि शाळेत जायलाच नकार देणारी मुलं. 1990 च्या दशकाच्या शेवटी वर्तमानपत्रांत ‘गाक्क्यू होकाई’ हा शब्द गाजू लागला. सरळ अर्थ ‘वर्ग कोसळणं’: मास्तर समोर उभे असून वर्ग त्यांच्या हातात नसणं. ‘जीटीओ’ बरोबर त्याच वेळी आली. त्यामुळे तिच्यातली बंडखोर मुलं काचा फोडताना फारशी दिसत नाहीत. ती शांत बसून, हसतहसत, डोकं वापरून मास्तरला उद्ध्वस्त करतात. या वर्गाने आधीचे वर्गशिक्षक पळवून लावलेत. का, ते मालिका हळूहळू सांगते आणि मी इथे सांगणार नाही.

पायरी 3: पहिले तीन भाग एका दमात पाहा

एवढाच अपवाद, बाकी सगळी मालिका सावकाश. पहिला भाग नेहमीपेक्षा लांब आहे, त्यात हातोड्याची गोष्ट येते. ओनिझुका एइकिची 22 वर्षांचा, शोनान भागातल्या मोटारसायकल टोळीचा एकेकाळचा म्होरक्या, कसाबसा पदवीधर झालेला. शिक्षक व्हायचं त्याचं सुरुवातीचं कारण ओंगळ आहे: तरुण मुलींच्या जवळ राहता येईल ही आशा. मालिका हे लपवत नाही आणि तुम्हीही त्याकडे डोळेझाक करू नका. त्याचं पुढचं सगळं वागणं त्या सुरुवातीपासून किती लांब जातं, हे पाहण्यासाठी ती सुरुवात लक्षात ठेवावी लागते.

नंतर मुलाखतीचा प्रसंग येतो. उपमुख्याध्यापक उचियामादा शाळेतून काढलेल्या मुलांना ‘कचरा’ म्हणतात. नोकरी मागायला आलेला ओनिझुका सगळ्यांसमोर त्यांना उचलून कुस्तीगिरासारखा आपटतो. तरीही संस्थेच्या संचालिका साकुराई बाई त्याला घेतात. या बाई शाळेच्या कॅन्टीनमध्ये उभ्या राहून मुलांना खाऊ विकतात आणि कोण कसा आहे ते तिथूनच पाहतात. त्यांच्यावर लक्ष ठेवा, त्या थोडक्याच वेळा बोलतात पण मोक्याला बोलतात.

इथपर्यंत पाहून मन रमलं नाही तर मालिका सोडून द्यायला हरकत नाही. मी जबरदस्ती करणार नाही. रमलं तर पुढच्या पायरीसाठी एक वही काढा.

पायरी 4: प्रत्येक मुलासाठी एकच प्रश्न विचारा

प्रश्न असा: या मुलाला कोणत्या मोठ्या माणसाने दगा दिला?

माझ्या मते या मालिकांची खरी किल्ली हीच. मारामारी, मोटारसायकली, विनोद हे सगळं वरचं आवरण. प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी एक मूल आणि एक मोठं माणूस असतं, आणि त्या मोठ्या माणसाने कधीतरी त्या मुलाचा विश्वास मोडलेला असतो. वहीत तीन ओळी पुरतात: मुलाचं नाव, त्याने केलेला दंगा, त्याला दगा देणारं माणूस. तिसरी ओळ लगेच भरता येणार नाही. ती रिकामी ठेवून पुढे पाहत राहा.

काही नावं देतो, म्हणजे नजर कुठे ठेवायची ते कळेल.

योशिकावा नोबोरू. अंगाने बारीक, भित्रा. वर्गातल्या मुली त्याला छळतात आणि तो शाळेच्या गच्चीवरून उडी मारतो. ओनिझुका त्याला वाचवतो. पाहताना सगळ्यांचं लक्ष त्या उडीकडे जातं. तुम्ही त्याआधी पाहा: हे चाललंय हे कोणाकोणाला ठाऊक होतं आणि कोण गप्प राहिलं.

किकुची योशितो. चष्मा, थंड डोकं, संगणकात पटाईत. नव्या मास्तरच्या चेहऱ्याची घाणेरडी बनावट छायाचित्रं तयार करून तो शाळेत लावतो. कोणत्याही शाळेत पुढे काय झालं असतं? चौकशी, पालकांना बोलावणं, निलंबन. ओनिझुका ते फोटो बघून मुलाच्या हातातल्या कलेवर खूश होतो आणि स्वतःसाठी आणखी बनवून मागतो. मास्तर म्हणून हे वागणं मला मान्य नाही, पण किकुचीच्या तोंडावर उमटलेलं आश्चर्य पाहण्यासारखं आहे. शिक्षा मिळणार म्हणून तयार होऊन आलेल्या मुलाला कोणीतरी ‘तुला हे छान जमतं’ म्हणालं. त्याच्याशी भांडायला कोणी उरलंच नाही.

नोमुरा तोमोको. मंद, वेंधळी म्हणून चिडवली जाणारी मुलगी. आधी ती मास्तरला अडकवण्याच्या कटात सामील असते. मग तोच मास्तर तिला एका स्पर्धेच्या मंचावर उभं करतो. ‘जीटीओ’मधले माझे सर्वांत आवडते भाग हेच. मुलाला सुधारणं आणि मुलाला स्वतःची किंमत दाखवून देणं यात किती फरक आहे, हे इथे दिसतं, आणि कोणी भाषण करत नाही.

कान्झाकी उरुमी. दोन डोळ्यांचे दोन रंग, बुद्ध्यांक 200 च्या वर. ती उशिरा येते आणि आल्यावर मालिका बदलते, कारण आता मास्तरपेक्षा कितीतरी हुशार मुलगी त्याच्या विरोधात उभी आहे. तिच्या बाबतीत वहीतली तिसरी ओळ भराल तेव्हा हात थोडा थांबेल. शिक्षकी पेशातल्या माणसाचा तर नक्कीच.

आइझावा मियाबी. हिची ओळ सर्वांत शेवटी भरते.

उचियामादांसाठीही वहीत एक पान ठेवा. ते खलनायक म्हणून येतात, आणि त्यांची लाडकी ‘क्रेस्टा’ गाडी पुन्हा पुन्हा चेपते तेव्हा आपण हसतो. पण घरी बायको-मुलीसमोर मान खाली घालून बसणारा, नोकरी टिकवण्याच्या धास्तीत आयुष्य काढलेला हा माणूस पाहिला की मुलांना ‘कचरा’ म्हणणारी जीभ कुठून आली ते थोडं समजतं. समजणं म्हणजे माफ करणं नव्हे. मालिकाही त्यांना माफ करत नाही.

पायरी 5: काय खटकेल, ते आधीच जाणून घ्या

हे मी आडपडदा न ठेवता सांगतो. ‘जीटीओ’मध्ये शाळकरी मुलींकडे वाईट नजरेने पाहणारे विनोद आहेत, भरपूर आहेत. अंतर्वस्त्रांवरचे विनोद आहेत. सिगारेट आहे, मारहाण आहे, आत्महत्येचा प्रयत्न आहे, मुलांनी मुलांचा केलेला क्रूर छळ आहे. 1990 च्या दशकातल्या मुलांच्या मांगात हे सर्रास चालायचं. आज पाहताना मला ते नकोसं वाटतं, आणि तसं वाटलं तर तुमचं काही चुकत नाही. ते प्रसंग पुढे ढकलले तरी कथेचा धागा तुटत नाही.

सोळाच्या आतल्या मुलांना ही मालिका एकट्याने पाहू देऊ नका. शेजारी बसा. एखादं मूल स्वतः छळ सोसत असेल किंवा जिवाचं काही करून घेण्याच्या गोष्टी बोलत असेल, तर नोबोरूचे भाग त्याला दाखवू नका. आधी त्याच्याशी बोला, समुपदेशकाकडे घेऊन जा. मालिका हे औषध नाही.

शिक्षकांसाठी वेगळी सूचना. ओनिझुका मुलांना मारतो, धमकावतो, उंचावरून लटकवतो. जपानमध्ये 1947 च्या शालेय शिक्षण कायद्यानेच शारीरिक शिक्षेला मनाई आहे. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारण्याला आणि मानसिक छळालाही बंदी घातली आहे. त्याच्याकडून घेण्यासारखं एकच: मूल त्याला हाकलून लावतं आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येतो.

पायरी 6: आवाज आणि भाषा

मूळ जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल्स ही जोडी सर्वांत चांगली. ओनिझुकाचा आवाज वातारू ताकागी यांचा आहे. लाचार, गुंड आणि हळवा असे तीनही सूर ते एका वाक्यात आणतात. सबटायटल्स वाचताना दमायला होत असेल तर इंग्रजी डबही चालेल, त्यात स्टीव्ह ब्लूम यांचा आवाज आहे आणि तोही जोरकस आहे. सुरुवातीचं शीर्षकगीत, लार्क-आँ-सिएल या बँडचं ‘ड्रायव्हर्स हाय’, निदान एकदा पूर्ण ऐका.

‘सेन्सेई’, म्हणजे शिक्षक, हा शब्द कान देऊन ऐका. मुलं त्याला आधी नुसतं ‘ओनिझुका’ म्हणतात, आडनावाने, मान न देता. कोणतं मूल कोणत्या क्षणी पहिल्यांदा ‘सेन्सेई’ म्हणतं, ते भाषांतरात बऱ्याचदा हरवतं. आपल्याकडे ‘ए मास्तर’चं ‘सर’ होतं, तसंच ते.

मालिका अधिकृत ठिकाणीच शोधा. दाखवण्याचे हक्क देशागणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून छोटं आणि पूर्ण अशा दोन्ही नावांनी शोधा. 1998 ची नटांची मालिका आणि अ‍ॅनिमे यांत गल्लत होऊ देऊ नका. भाग 43 असतील तर ती अ‍ॅनिमे.

पायरी 7: आता ‘गोकुसेन’

‘जीटीओ’ संपली की एक आठवडा जाऊ द्या, मग ही घ्या. नावातच गंमत आहे: ‘गोकुदो’ म्हणजे याकुझा, गुंडांची दुनिया, आणि ‘सेन्सेई’ म्हणजे शिक्षक. यामागुची कुमिको ही चष्मा आणि दोन वेण्यांची गणिताची बाई. आईवडील लहानपणीच गेले, आजोबांनी वाढवली. आजोबा कुरोदा याकुझा घराण्याचे प्रमुख, आणि त्यांची वारस हीच. शाळेत कोणालाही हे कळता कामा नये, नाहीतर नोकरी गेली.

पोरं तिला ‘यांकुमी’ म्हणतात. तिला वर्गाची भीती वाटत नाही, कारण याहून दांडगी माणसं तिने घरच्या जेवणाच्या पंगतीला पाहिली आहेत. ओनिझुका मुलांच्या पातळीवर उतरतो. यांकुमी तसं करत नाही, ती शेवटपर्यंत बाईच राहते. मला शिक्षक म्हणून तिचा मार्ग जास्त जवळचा वाटतो. सावादा शिन हा हुशार, एकलकोंडा मुलगा तिचं गुपित ओळखतो आणि पोटात ठेवतो. त्या दोघांमधला अबोल विश्वास हा या 13 भागांचा कणा आहे. इथे विनोद जास्त, वाईट नजर खूपच कमी. घरात दहावी-अकरावीची मुलं असतील तर एकत्र पाहायला हीच बरी.

वहीतला प्रश्न इथेही चालतो, फक्त थोडा उलटा करून: या मुलावर पहिल्यांदा विश्वास कोणी ठेवला?

पुढे काय

ओनिझुकाचं तरुणपण पाहायचं असेल तर ‘शोनान जुन्आइ गुमी’ आहे, फुजिसावा यांचीच ‘जीटीओ’च्या आधीची मांगा. हिच्यावर 1990 च्या दशकात व्हिडिओसाठी काही भागही निघाले. तिथे शिक्षक नाही, नुसते टोळीतले दिवस आहेत; ‘जीटीओ’ आवडली तरच वळा. वात्रट पोरांच्या हायस्कूलची निव्वळ थट्टा हवी असेल तर 2003 ची ‘क्रोमार्टी हायस्कूल’ घ्या. छोटे छोटे 26 भाग, कोणी कोणाला सुधारत नाही.

पण मी सांगेन, त्याआधी ‘जीटीओ’ची मांगा वाचा. अ‍ॅनिमे 2000 मध्ये संपली तेव्हा मांगा अजून चालू होती, त्यामुळे मालिकेला स्वतःचा वेगळा शेवट करावा लागला. मांगा 2002 पर्यंत पुढे गेली. त्या शेवटच्या खंडांत वर्गातल्या अशा काही मुलांना जागा मिळाली आहे, ज्यांची नावं अ‍ॅनिमे पाहून संपते तरी आपल्या वहीत आलेली नसतात. अ‍ॅनिमे जिथे थांबते तिथपासून वाचू नका. पहिल्या खंडापासून वाचा. हातोड्याची गोष्ट तिथे वेगळ्या लयीत येते, आणि ती मुलगी पहिल्यांदा हसते ते चित्र थांबून पाहता येतं.